सगुणेच्या पानावर काय वाढावं, त्याची कहाणी

ऐका नवमीबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नदीच्या अलीकडे होतं की पलीकडे, ते आता नीट आठवत नाही. सांगण्यात चूकभूल व्हायची; पण नगर होतं. तिथं त्रिंबकशास्त्री राहत होते. वेद मुखोद्गत, दारी शिष्य, घरी मुलगा, सून. बायको सगुणा, ती अहेवपणी गेली.

मग पितृपक्षातली अविधवा नवमी आली. सगुणेच्या नावानं सवाष्ण जेवली, कावळ्यासाठी अंगणात पान मांडलं. कावळा शिवला, तर ती तृप्त, आपली राहिली. नाही शिवला, तर रुसून परकी झाली. पहिल्या वर्षी शास्त्रीबुवांनी पुरणपोळी वाढली. "सुनेला लेकीसारखी जपीन," म्हणाले. कावळा भिंतीवरून हलला नाही. दुसऱ्या वर्षी खीर वाढली. "तुझ्या नावानं विहीर बांधीन," म्हणाले. कावळा हलला नाही. मग तिसऱ्या वर्षी त्यांना आठवलं, सगुणा पातेल्यातली भाताची खरवड खात असे. मोठ्या हौसेनं खरवड वाढली. कावळ्यानं पाठ फिरवली, उडून गेला.

दारात सगुणेला बांगड्या भरणारी बायजा कासारीण उभी होती. ती हसली. "शास्त्रीबुवा, करपलेली खरवड कुणाला आवडती व्हय? तुमच्या पंगती उठल्या की तेवढीच उरायची, म्हणून खायची बाई."

"मग तिला आवडायचं काय?"

"मला पुसता? संसार मी केला का तुमी?"

सुनेला विचारलं. ती म्हणाली, "मामंजी, सासूबाई आमच्याच आवडी विचारायच्या." मुलाला ठाऊक नव्हतं. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांना पाणी आलं. "एवढं शिकलो, तेवढं राहिलं. बायजाबाई, यावर काही वसा सांग."

"वसा कसला? रोज आपल्या हातानं भाकरी भाजावी. ऊन ऊन तिच्या पानावर आधी वाढावी. जवळ बसून 'काय हवं?' पुसावं, वाट बघावी. मग आपण जेवावं. सुनेलाबी पुसावं, ती जिती हाय तवर. उतायचं न्हाई, मातायचं न्हाई, धरलेलं सोडायचं न्हाई."

मग शास्त्रीबुवा चुलीपाशी बसले. पहिली भाकरी मोडली. दुसरी करपली. तिसरी जमली. वर्षभर पान मांडलं, वर्षभर विचारलं, वर्षभर वाट पाहिली. नवमी आली, तीच भाकरी अंगणात ठेवली. कावळा उतरला, शिवला. सून म्हणाली, "सासूबाई आल्या हो!" शास्त्रीबुवांना वाटलं, खरंच आली, की कावळाच भुकेला होता? शंका गेली नाही. पण वसा टाकला नाही.

मग पुष्कळ वर्षांनी ते काठी टेकीत सगुणेच्या माहेरी गेले. तिची धाकटी बहीण तेवढी उरली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "ताईला ना? लसणीची चटणी. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या चटणीशी तीन भाकऱ्या खाल्ल्यान. म्हणाली, शास्त्र्यांच्या घरात लसूण उंबऱ्याआत येत नाही, आजच पोटभर खाऊन घेते."

शास्त्रीबुवांना उशिरा कळलं, ते तुम्हांआम्हांला वेळेवर कळो. साठा उत्तरांची कहाणी या एका उत्तराशी सुफळ, संपूर्ण.