वेलीचं बारसं

एकदा काय झालं, एका राजाच्या बागेत द्राक्षाची वेल होती. कोंडाबाई माळणीनं ती पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. घोस लागले, पण पिकतील तर शपथ! वाट बघून बघून कोंडाबाई कावली. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गं, हवंय तरी काय तुला?"

तर वेल बोलली, बरं का! म्हणाली, "मला नाव कुठंय? बिननावाची मी पिकायची नाही."

मग राजानं आपलंच नाव दिलं. द्राक्षं आणखी आंबट झाली. मग राणीनं 'चंद्रकळा' ठेवलं. वेलीनं पानं मुडपून घेतली. मग प्रधानानं इतकं लांबलचक नाव काढलं, की ते संपेपर्यंत वेल घोरायला लागली. राजा चिडला. "उद्या दिवस मावळेपर्यंत पिकली नाही, तर तोडा!"

कोंडाबाई वेलीकडं धावली. "आता गं बये?"

वेल फुरंगटून म्हणाली, "बाळाचं नाव कोण ठेवतं?"

"अगं बाई, आत्या!"

म्हणजे कोंडाबाईची नणंद, गोजराबाई. तिला सांगावा गेला. पण ती कुठली वेळेवर यायला! वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा. दिवस कलला, शिपायानं कुऱ्हाड उचलली, तेव्हा कुठं बाई डुलत डुलत आल्या. वर कुरकुर, "घुगऱ्या नाहीत, पाळणा नाही, हे कसलं बारसं?"

"वन्सं, पाया पडते तुमच्या, माझी पोर जाईल हो!" कोंडाबाईला रडूच फुटलं.

मग गोजराबाई पानाशी वाकल्या. कुर्रर्र केलं. आणि वैतागून म्हणाल्या, "एकदाची पीक गं बाई!"

झालं! घोसाघोसांत साखर उतरली.

"अगं थांब, मी नाव वेगळंच ठरवलंय!" गोजराबाई ओरडल्या.

"कानात सांगितलंत ना, आत्या? मग तेच. मी 'एकदाची'!"

शिपायानं कुऱ्हाड टाकली नि आधी घोस तोंडात घातला. कोंडाबाईनं वेलीला मिठीच मारली. राजानं आत्याला लुगडं दिलं. तेव्हापासून ते द्राक्ष 'एकदाची'. सगळ्यांच्या मागून पिकतं, पण गोड म्हणजे किती गोड! सगळी सुखानं राहिली.

आत्याच्या मनात कुठलं नाव होतं? मला काय ठाऊक! तीन वेळा पाणी पिऊन झालं, दोनदा उठून झालं. आता डोळे मिटा रे, एकदाचे!