रुमालाखालचा तह

फार फार पूर्वी, म्हणजे आपल्या आज्याच्या आज्यालाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, सात खोऱ्यांच्या एका डोंगरी मुलखात सटवाजी नावाचा बैलांचा दलाल राहायचा. दलाल म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. आधी गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. दोन माणसं समोरासमोर बसतात, हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. आधी पाच बोटं धरली आणि मग दोन, की झाले सात. बघणारे कितीही माना वेळावोत, त्यांना दिसतो फक्त रुमाल. असं का करतात? अहो, चारचौघांत एकदा "याच्या खाली येणार नाही" म्हणून गरजलं की मग खाली यायची लाज वाटते. रुमालाखाली कसली लाज? तिथं माणूस चार पावलं मागे आला तरी कुणाला कळत नाही. म्हणूनच दलालाचा एक नियम असतो. रुमालाखालचं रुमालाखालीच ठेवायचं. बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

तर या डोंगरी मुलखावर घाटाखालच्या राजाचं राज्य होतं. डोंगरात पिकलेलं धान्य उतरून राजाच्या कोठारात जायचं आणि डोंगरातली तरणी पोरं राजाच्या लढायांत मरायची. शेवटी लोकांचा संताप अनावर झाला. डोंगरातल्या लोकांच्या म्होरक्यानं, नाईकानं, झेंडा उभारला आणि लढाई पेटली. ती एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तब्बल अकरा वर्षं चालली. सातव्या वर्षी सटवाजीचा थोरला मुलगा खिंडीत पडला. धाकटा रायाजी त्याच खिंडीत भावाच्या जागी जाऊन उभा राहिला. रोज सकाळी उठून सटवाजी आणि त्याची बायको म्हाळसा खिंडीच्या दिशेला बघायचे.

अकराव्या वर्षी दोन्ही बाजूंना दम लागला. तहाची बोलणी ठरली. जागा कुठली? तर नदीकाठचं बैलबाजाराचं माळरान, कारण दोन्हीकडच्या लोकांच्या पायाखालची अशी ती एकच जागा होती. मांडव पडला. इकडून नाईक आला, तिकडून राजाचा म्हातारा दिवाण आला. दोघांच्या मागे आपापली माणसं, भाले घेऊन.

पहिल्या दिवशी दिवाण गरजला, "एक खोरंसुद्धा सोडणार नाही!" मागची माणसं ओरडली, "वाहवा!"

नाईक गरजला, "सातही खोरी घेऊ, आणि घाटाखालचं कुरणही घेऊ!" त्याच्या मागची माणसं त्याहून मोठ्यानं ओरडली.

दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशीही हेच. शेवटी नाईक ताडकन उठला आणि म्हणाला, "घोडी कसा रे. उद्यापासून पुन्हा खिंड!"

सटवाजी तिथंच होता. सामानाच्या गाड्यांचे बैल त्याचे होते, त्यांना तो वैरण घालत होता. "उद्यापासून पुन्हा खिंड" हे शब्द कानावर पडले आणि त्याच्या हातातली पेंढी खाली पडली. त्याला रायाजीचं तोंड दिसलं. मग मात्र त्याला राहवेना.

"नाईकसाहेब," तो पुढे होऊन म्हणाला, "असं ओरडून तर म्हातारा बैलदेखील विकला जात नाही. आणि तुम्ही मुलूख सोडवायला निघालात!"

एकानं तर भालाच उचलला. पण नाईकही शेतकऱ्याचाच मुलगा. बाजार त्यानं पाहिला होता. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, दाढी खाजवली आणि विचारलं, "मग तू काय करशील?"

"रुमाल टाकीन. दिवाणसाहेबांचा हात माझ्या हातात द्या. एक मात्र सांगतो, खाली काय झालं ते मी कुणालाच सांगणार नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही फक्त शेवटी ठरेल ते ऐकायचं."

"ऐकेन. पण सातच्या खाली आलास तर डोंगरात परत येऊ नकोस."

दिवाणाला निरोप गेला. त्यानं आधी तोंड वाकडं केलं. राजाचा दिवाण बैलाच्या दलालाशी हातमिळवणी करणार! पण थोड्या वेळानं तो मुकाट्यानं येऊन बसला. सटवाजीनं कमरेचा हिरव्या काठाचा रुमाल सोडला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

वर दिवाणाचा चेहरा दगडासारखा होता, पण खाली त्याचा हात घामानं भिजला होता. सटवाजीनं आयुष्यभर हातच वाचले होते. त्यानं दिवाणाची पाच बोटं धरली, मग दोन धरली. सात खोरी.

वर दिवाणानं जोरात मान हलवली, "छे, छे!" आणि खाली त्याच क्षणी सटवाजीचीही आधी पाच, मग दोन बोटं घट्ट दाबली. कबूल!

सटवाजी मनात म्हणाला, अरे देवा, हा तर आधीच खचलाय. राजाची कोठारं रिकामी झाली असणार, माणसं संपली असणार. मग त्याला कुरणाची आठवण झाली. त्यानं पुन्हा पाच बोटं धरली आणि मग तीन. सात खोरी आणि वर कुरण.

दिवाणाचा हात एकदम सैल पडला. त्यानं ना होकार दिला, ना नकार. सटवाजीला हा हात ओळखीचा होता. तरुणपणी त्यानं एका अडलेल्या कुणब्याची बैलजोडी अशीच मातीमोलानं काढून घेतली होती, आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन शीळ घालत घरी आला होता. तो कुणबी पुन्हा बाजारात दिसला नाही. दिसली ती पेटलेली गंजी, सटवाजीच्या खळ्यात, ऐन सुगीत. त्या कुरणावर घाटाखालच्या तीस गावांची गुरं चरत होती. ते गेलं तर ती गावं आज गप्प बसतील, पण उद्या? उद्या रायाजीला पोरगा होईल, आणि तो पोरगा खिंडीत उभा राहील.

सटवाजीनं तिसरं बोट सोडून दिलं.

दिवाणानं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्यानं सटवाजीचा हात असा आवळला की हाडं कडकडली, आणि आपणहून आठव्या बोटाचं अर्धं पेर पुढे केलं. कुरण दोघांनी चारायचं.

काम झालं होतं. पण सटवाजी पक्का बाजारातला माणूस. इतक्या लवकर रुमाल काढला असता तर लोक म्हणाले असते, आमच्या माणसानं काही लढवलंच नाही. म्हणून दोघांनी पुढे दोन घटका नुसतं नाटक केलं. दिवाण मान झटकतोय, सटवाजी कपाळावर हात मारून घेतोय, एकदा तर दोघंही उठायला निघाले! मग सटवाजीनं रुमाल उचलला आणि तो ओरडला, "सात खोरी डोंगराची! कुरण दोघांचं!"

तह लिहिला गेला, शिक्के उठले. डोंगरात ढोल वाजले. रायाजी दोन पायांवर चालत घरी आला आणि म्हाळसानं त्याला उंबऱ्यातच मिठी मारली.

आनंदाचे आठ-पंधरा दिवस गेले आणि लोकांना कुरण आठवलं. पारावर एकजण म्हणाला, "राजा खचला होता म्हणे. कुरण सहज मिळालं असतं." दुसरा म्हणाला, "मिळालं असतं काय, मिळालंच होतं! सटवाजीनं विकलं ते." तिसऱ्यानं तर दिवाणानं त्याला दिलेली अंगठीसुद्धा पाहिली होती, जी कधी नव्हतीच. झालं! त्याचं नाव पडलं कुरणविक्या. पोरं मागून ओरडायची, "कुरणविक्या आला रे!" नाईकानं दिलेला शब्द पाळला, काही विचारलं नाही. पण त्याची बाजूही घेतली नाही.

"पाणी भरायला गेले की बाया पाठ फिरवतात," म्हाळसा एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. "अहो, मला तरी सांगा, खाली काय झालं होतं?"

"नाही सांगता येत गं."

"मीसुद्धा परकी का?"

"तसं नाही. मी बोललो तर दिवाणाची मान खाली जाईल. त्याची गेली की त्याच्या राजाची जाईल. आणि मान खाली गेलेला राजा काय करतो, ते आपण अकरा वर्षं बघितलंय."

म्हाळसा चार दिवस अबोला धरून बसली. बिचारीचं तरी काय चुकलं?

तिसऱ्या वर्षी घाटाखालचा म्हातारा राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. रक्त तरुण, त्यात कान भरणारे भोवती. "महाराज, आपल्या दिवाणानं गुडघे टेकून मुलूख दिला," असं त्याला रोज कुणी ना कुणी सांगायचं. दिवाण तर अंथरुणाला खिळला होता. एका बाजाराच्या दिवशी तो तरुण राजा दोनशे घोडेस्वार घेऊन थेट माळरानावर आला. हातात तहाचा कागद.

"तो दलाल कुठाय?"

सटवाजी पुढे आला. एका बाजूला घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला डोंगरातली सगळी माणसं, त्यांत नाईक, रायाजी आणि म्हाळसा.

"खरं सांग," राजा म्हणाला, "आधी कोण नमलं? आमचा दिवाण की तू? दिवाण नमला असेल तर हा तह मी इथंच फाडतो."

एका वाक्याचा तर प्रश्न होता. "दिवाण नमला" एवढंच म्हणायचं, की कुरणविक्या हे नाव कायमचं पुसलं जाणार होतं. डोंगरातल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी रायाजी खिंडीत गेला असता. "मी नमलो" म्हणावं, तर डोंगरातल्याच लोकांनी तहावर भाले उचलले असते. सटवाजीनं म्हाळसाकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"महाराज," तो म्हणाला, "रुमालाखालचं सांगितलं तर मी दलाल कसला? मारायचं तर मारा. एवढंच सांगतो, त्या दिवशी दोन हात खाली गेले आणि दोन हात वर आले. कुणाचंही बोट कमी झालं नव्हतं."

"हुशारी नको!" राजा भडकला. "पुढच्या बाजारापर्यंत मुदत देतो. तोंड उघडलं नाहीस तर कागद फाटला असं समज."

आता तिकडे राजवाड्यात काय घडलं ते सटवाजीला ठाऊक नव्हतं. पण आपण जरा डोकावून येऊ. राजानं परतल्यावर दिवाणाला विचारलं. म्हातारा हसला आणि म्हणाला, "त्यानं नाही सांगितलं? तीन वर्षं शिव्या खाऊनही नाही सांगितलं? मग आता मलाच सांगायला हवं. हात द्या महाराज."

त्यानं स्वतःची शाल राजाच्या हातावर ओढली. पाच बोटं धरली, मग तीन धरली. मग एक बोट सोडलं. "ते आठवं म्हणजे आपलं कुरण. तेही मी दिलं असतं, महाराज. द्यावंच लागलं असतं. आपली तीस गावं त्याच्या मुठीत होती. त्यानंच मूठ उघडली." राजानं तहाचा कागद नीट घडी करून त्याच्या उशाखाली ठेवला.

पुढच्या बाजाराला डोंगरातली माणसं भाले लपवून आली होती. रायाजीनं तर निघताना आईच्या पाया पडून घेतलं होतं. सगळ्यांचे डोळे नदीच्या उताराकडे लागले होते. आणि राजा आला तो कसा? एकटा! ना घोडेस्वार, ना भालदार. हातात कासरा, मागे पांढरी बैलजोडी.

"बैल विकायचेत," तो म्हणाला. "दलाल कुठाय?"

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. सटवाजी त्याच्यासमोर मातीत बसला. हिरव्या काठाचा रुमाल पडला. राजाच्या हातानं सटवाजीची पाच बोटं धरली. मग तीन धरली. मग सावकाश, अगदी सावकाश, एक बोट सोडलं. आणि मग दोन्ही हातांनी त्याचा हात धरून ठेवला.

तीन वर्षं सटवाजीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, पण आता काही केल्या आवरेना. त्यानं रुमाल उचलला आणि त्यातच तोंड पुसलं.

"काय रे, काय ठरलं?" नाईकानं विचारलं.

"जमलं," सटवाजी म्हणाला. "झकास जमलं."

गर्दीतून कुणीतरी हसून ओरडलं, "बघा, बघा, राजानं कुरणविक्याला गंडवलं! रडतोय बघा!" सगळी हसली. राजाही हसला, सटवाजीही हसला. म्हाळसा तेवढी हसली नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. घरी गेल्यावर तिनं काही विचारलं नाही. तो रुमाल स्वच्छ धुतला, वाळवला आणि त्याच्या उशाशी घडी करून ठेवला.

तह कुणी फाडला नाही. रायाजीला मुलगा झाला आणि तो पोरगा खिंडीत गेला तो फक्त करवंदं खायला. सटवाजीला मात्र लोक शेवटपर्यंत कुरणविक्याच म्हणत राहिले. तो हाकेला ओ द्यायचा आणि कुरणाकडे बघायचा. तिथं डोंगरातली आणि घाटाखालची गुरं एकत्र चरत असायची.

तात्पर्य काय, तर मुलांनो, तह कागदावर लिहिला जातो, पण तो टिकतो अशा माणसामुळे, जो जिंकत असताना एक बोट सोडतो आणि ते सोडल्याचं आयुष्यभर कुणाला सांगत नाही.