आतून लिंपलेली भिंत

पूर्वी कोसल देशात महासाल नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमालयाच्या पायथ्याच्या अरण्यात धनेश पक्ष्याच्या जन्माला आले होते. चोच मोठी, वाकडी, पिवळी. पंखांचा आवाज एवढा, की ते उडाले की खालची पाने हलत.

त्याच अरण्यात सोमिल नावाचा एक वृद्ध तपस्वी पर्णकुटी बांधून राहत होता. तक्षशिलेत शिकवता शिकवता त्याचे केस पिकले होते. इतरांच्या बोलण्यातली खोट शोधणे हे त्याचे आयुष्यभराचे काम, आणि ती सवय वनातही सुटली नव्हती. त्याचे गुरू अरुणक ऋषी हिमवंताकडे जाताना त्याला म्हणाले होते, "या बेहड्याच्या झाडाखालचे आसन सोडू नकोस. मी परत येईन, तेव्हा ध्यानाची शेवटची पायरी दाखवीन."

त्यानंतर एक पावसाळा गेला, हिवाळा गेला. सोमिल आसनावर बसे, पण कान वाटेकडे असत. पान वाजले की तो उठे, वळणापर्यंत जाऊन येई आणि पुन्हा बसे. मनात येई, 'या म्हाताऱ्याला काय शिकवायचे, म्हणून तर टाळून गेले नसतील? की त्यांच्यापाशीच ती पायरी नाही?' मग स्वतःचाच संशय येई, 'की माझीच पात्रता नाही?' अखेर त्याने ठरवले, या पौर्णिमेपर्यंत वाट पाहायची, मग चालू लागायचे.

चैत्रात त्याला दिसले, की एक धनेश रोज उंबराची फळे गळ्यात भरून आणतो आणि बेहड्याच्या खोडातल्या एका फटीत एकेक टाकतो. सोमिलच्या भुवया चढल्या. 'पक्षी असून साठा करतो!' तो दगडावर चढून फटीला डोळा लावून पाहू लागला. आत एक चोच हलली. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून बंद केले होते. उघडी होती फक्त ती फट.

'अरे दुष्टा! बायकोला कोंडून ठेवलेस होय?' दया आणि राग एकदमच येऊन सोमिलने काठीच्या टोकाने ती भिंत फोडली.

आतून कर्कश आवाज आला, "कोण रे मेला घर फोडतोय?"

आत मादी होती. तिची पंखांची पिसे झडली होती आणि पोटाखाली दोन अंडी होती.

"बाई, मी तुला सोडवतोय," सोमिल म्हणाला.

"तुम्हाला कोणी सांगितले? हात घाला आत. भिंतीला चोचीचे ठसे कुठल्या बाजूने आहेत ते बघा!"

सोमिलने राहिलेल्या भिंतीमागे बोटे फिरवली. ठसे आतल्या बाजूला होते.

"तूच स्वतःला कोंडून घेतलेस? आणि तो परत आला नाही तर?"

"उशीर करतो खरा. वाटेत कुठे गप्पा झोडत बसतो कोण जाणे! पण येतो. आणि नाहीच आला, तर मरेन. पण रोज भिंत फोडून वाट बघत बसले, तर तो येऊनही अंडी उबायची नाहीत, बुवा."

तेवढ्यात बोधिसत्त्व फळे घेऊन आले. त्यांनी फुटलेली भिंत पाहिली, तपस्व्याची काठी पाहिली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तपस्वी, खालच्या कपारीत अंडी खाणारी घोरपड राहते. मला ओल्या मातीसाठी नदीपर्यंत जावे लागेल. भिंत पुरी होईपर्यंत दाराशी बसाल?"

"माझ्यावर विश्वास ठेवतोस? भिंत मीच फोडली."

"म्हणूनच तुम्ही हलणार नाही," एवढे बोलून बोधिसत्त्व उडाले.

सोमिल दगडावर बसला. नजर खोडावर, काठी मांडीवर. घोरपड दोनदा खोडावर चढली. काठी आपटताच दोन्ही वेळा उतरली. बोधिसत्त्व माती आणत, मादी आतून लिंपत राही. हळूहळू सोमिलचा श्वास संथ झाला. वाटेवर पाने वाजली, तरी तो वळला नाही. मागे कोणाची तरी चाहूल लागली, तेव्हा तो हळूच एवढेच म्हणाला, "आवाज करू नका. घोरपड जवळच आहे."

मागचा माणूस निमूट बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फटीपुरती जागा ठेवून मादीने शेवटचा लिंपणाचा हात फिरवला. तेव्हा कुठे सोमिल वळला. मागे अरुणक ऋषी बसले होते. तो त्यांच्या पायांवर पडला. "गुरुदेव, आता ती पायरी दाखवा."

ऋषी हसले. "कालपासून मी तुझा श्वास ऐकतो आहे, सोमिल. तू त्याच पायरीवर बसला होतास. मागे कोण आले, हे पाहायलाही तू वळला नाहीस. आता काय दाखवू?"

ही कथा सांगून भगवान शास्त्यांनी धम्मसभेत एका वृद्ध भिक्षूकडे पाहिले. हे प्रकांड पंडित भिक्षू 'मला साधनेचे फळ कधी मिळणार, की मिळणारच नाही?' असे रोज विचारीत आणि उत्तर ऐकून आणखीच साशंक होत. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सोमिल म्हणजे हे भिक्षू. अरुणक ऋषी ते त्यांचे आजचे उपाध्याय. ढोलीतली मादी म्हणजे भिक्षुणी सुमेधिका, आणि तो धनेश मीच होतो."

वृद्ध भिक्षूंच्या ओठांवर पुन्हा प्रश्न आला होता. तो त्यांनी गिळला आणि ते आपल्या आसनावर जाऊन बसले.

श्रद्धेने दार आतून मिटून घेणे आणि ते वेळेआधी न फोडणे, हीच क्षांती, हाच धीर.