एकोणतीसचा पाढा

खोटं वाटेल, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. आमच्या कर्णिकबाई निवृत्त झाल्या आणि पुढे बावीस वर्षं शाळेच्याच एका खोलीत फुकट वाचनालय चालवून परवा वारल्या. एकोणतीसचा पाढा म्हटल्याशिवाय त्या कुणाला, अगदी मामलेदारालाही, पुस्तकाला हात लावू देत नसत.

शोकसभेत संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब डोळे पुसत म्हणाले, "शेवटच्या दिवशी बाई माझ्या कानात म्हणाल्या, वाचनालय बंद करा आणि त्या खोलीत तुमचं ऑफिस थाटा!"

माझ्या हातातला हार गळून पडला. आता गेलेल्या बाईंना विचारायचं कुणी?

तेवढ्यात शाळेची शिपाईण यमुनामावशी उठली. शेवटपर्यंत बाईंच्या उशाशी तीच होती. "खरं आहे," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर बाई माझ्याही कानात तेच म्हणाल्या."

आम्ही पुन्हा हादरलो. मावशीसुद्धा फितूर?

"पण पुढं म्हणाल्या, यमुने, त्याच्याकडून एकोणतीसचा पाढा घेतल्याशिवाय किल्ली देऊ नकोस."

"याला पुरावा काय?" भाऊसाहेब गरजले.

"साहेब, तुमच्या कानाला कुणी पुरावा मागितला नाही, मग माझ्याच कानाला का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणा, साहेब!" भाऊसाहेबांनी घसा खाकरला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्नपर्यंत गाडी आली आणि त्रिकाला जी थांबली, ती अजून तिथंच आहे.

आणि किल्ली मावशीच्या कमरेला.