बोराटी ठिपक्याला सोडेना

एक होती बाग. बागेला होतं कुंपण. कुंपणाला चिकटून होती बोराटी.

बोराटी म्हणजे काटेच काटे! पुढे काटे. मागे काटे. आत काटे. बाहेर काटे.

शेजारी होती जास्वंद. जास्वंदीवर राहायची टुवी शिंपीण. एवढंसं पाखरू! चोचीने पानं शिवायची. पानांचं घरटं करायची.

टुवीचं पिल्लू ठिपका. ठिपका उडायला शिकत होता.

फुर्र... फुर्र... धप्प!

पडला की बोराटीत!

"आई! टोचतंय! लवकर ये!"

टुवी आली. टुण टुण, टुण टुण.

"बोराटी, बोराटी, माझ्या ठिपक्याला सोड."

बोराटी म्हणाली, "हलणार नाही. सोडणार नाही. जा!"

टुवी उडाली. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. गेली अंजनाकाकूकडे. बाग होती अंजनाकाकूची.

"काकू, काकू,
बोराटी ठिपक्याला सोडेना!"

काकू धावली. तिने फांदी धरली. "आई गं!" बोटाला टचकन काटा!

"हाताने नाही गं जमायचं, टुवी. कोयता हवा. कोयता आहे लोहारदादाकडे. त्याने धार काढली, तर मी बोराटी तोडीन."

टुवी उडाली. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. गेली लोहारदादाकडे.

"दादा, दादा,
काकू बोराटी तोडेना,
बोराटी ठिपक्याला सोडेना!"

लोहारदादा म्हणाला, "धार काढू कशी? कोयता तापवायचा. मग पाण्यात बुडवायचा. पण माझा माठ फुटला! कुंभारआजोबांनी नवा माठ धाडला, तर मी धार काढीन."

टुवी उडाली. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. गेली कुंभारआजोबांकडे.

"आजोबा, आजोबा,
लोहार धार काढेना,
काकू बोराटी तोडेना,
बोराटी ठिपक्याला सोडेना!"

आजोबा म्हणाले, "माठ तयार आहे, बाळा. पण माझी पाठ दुखते. माठ नेतं आमचं गाढव. ते आज जागचं हलेना. ते उठलं, तर मी माठ धाडीन."

टुवी उडाली. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. गेली गाढवाकडे.

"गाढवा, गाढवा,
कुंभार माठ धाडेना,
लोहार धार काढेना,
काकू बोराटी तोडेना,
बोराटी ठिपक्याला सोडेना!"

गाढवाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उठू कसं गं? माझ्या पायात काटा! बोराटीचाच! आजोबांना दिसतच नाही. कोणी काटा काढला, तर मी उठेन."

टुवीने इकडे पाहिलं. कोणी नाही. तिकडे पाहिलं. कोणी नाही.

केवढं मोठं गाढव! केवढा मोठा पाय! आणि टुवी एवढीशी!

दुरून आवाज आला, "आई! लवकर ये!"

टुवी खाली उतरली. टुण टुण, टुण टुण. पायाजवळ गेली.

"हलू नकोस हं."

"नाही हलत."

चोच घातली. काटा धरला. ओढला. येईना! पुन्हा ओढला. येईना! पाय रोवले, डोळे मिटले, आणि...

सुळ्ळकन! काटा बाहेर!

"हाऽश!" गाढव म्हणालं. आणि उभं राहिलं.

मग काय!

गाढव उठलं, टपटप टपटप.
कुंभाराने माठ धाडला.
लोहाराने धार काढली, ठण ठण, चुर्र!

लोहारदादा कोयता घेऊन पळत आला. मागोमाग गाढवही आलं. काकूने पदर खोचला.

"दर वर्षी छाटते तुला. दर वर्षी उगवतेस! आज मुळासकट काढते."

खट् खट् खट्! फांदी पडली.

खट् खट् खट्! दुसरी पडली.

बोराटी ओरडली, "हलणार नाही! सोडणार..."

खट्!

बोराटी हलली. बोराटीने सोडलं!

काकूने हळूच हात घातला. ठिपका तिच्या तळहातावर. पिसं विस्कटलेली. डोळे मोठ्ठे.

"आई!"

"माझा ठिपका! माझा ठिपका!"

टुवीने त्याला चोचीने गोंजारलं. इथे गोंजारलं. तिथे गोंजारलं. सगळं नीट होतं. पंख नीट, पाय नीट, शेपटीसुद्धा नीट.

काकूने कुदळ घेतली. लोहारदादाने मूळ ओढलं. गाढवानेसुद्धा ओढलं. हय्या हो! हय्या हो! मूळ बाहेर!

कुंपण मोकळं झालं. ऊन आत आलं. काकूने काटे पाणी तापवायच्या बंबात घातले. मग ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे!"

ठिपक्याला आली झोप. टुवीने पंख पसरला.

काटे गेले बंबात,
ठिपका आईच्या पंखात!