गाठीवरचं बोट

यंत्रमागांच्या गावातलं वाचनालय आणि त्याचे अध्यक्ष बापूसाहेब चौगुले. सदरा कडक इस्त्रीचा आणि आवाज त्याहून कडक. एका सकाळी आत येऊन बघतात तर काय, खिडकीजवळच्या कपाटात ओडिया पुस्तकं, आणि रात्रपाळी संपवून आलेले ओडिशाचे कामगार ती वाचण्यात गुंग!

"दमयंतीबाई," ते ग्रंथपालांवर कडाडले, "हे कपाट आजच्या आज रिकामं करा! ज्या मुलखात राहायचं, तिथलीच भाषा वाचायची!"

कामगारांनी पुस्तकं मिटली. दमयंतीबाईंच्या मस्तकात तिडीक गेली, पण वाद घालतील तर त्या कसल्या! त्यांच्या टेबलावर एक पार्सल होतं. बापूसाहेबांची लेक टोरांटोत राहते. तिथल्या वाचनालयाला बापूसाहेब दर वर्षी मराठी दिवाळी अंक पाठवत आणि वर्षभर त्याचंच कौतुक सगळ्या गावाला ऐकवत. बाईंनी शांतपणे यंदाच्या अंकांच्या त्या पार्सलची सुतळी सोडायला घेतली.

"अहो, हे काय करताय?"

"तुमचाच नियम पाळतेय, बापूसाहेब. तुमच्या लेकीनं आता तिथलं इंग्रजीच वाचायचं ना?"

कामगारांना मराठी चांगलं कळत होतं. एकाला हसू आवरेना. बापूसाहेब लालबुंद झाले. "बांधा, बांधा ते परत!"

"मग जरा गाठीवर बोट ठेवा."

त्यांनी बोट ठेवलं. बाईंनी सुतळी करकचून आवळली आणि तशीच धरून विचारलं, "आणि कपाटाचं काय?"

"राहू दे म्हटलं ना! आधी माझं बोट सोडा!"