नितळ पाणी आणि राजाच्या लेकी

एका राज्यात वीरबाहू नावाचा राजा होता. शूर, पण भारी उतावळा. हौसेपायी त्याने एका मांत्रिकाच्या तळ्यातले मासे उपसले आणि मांत्रिकाने त्याच घटकेला त्याच्या दोन्ही लेकींना मासोळ्या करून टाकलं. थोरली हेमांगी झाली रुपेरी, धाकटी शेवंती पिवळी.

राजवाड्यातल्या बोलक्या साळुंकीने उपाय सांगितला. "महाराज, कामं तीन. नागटेकडीवरची निळी फुलं आणा. राक्षसाच्या पहाऱ्यातल्या विहिरीचं पाणी आणा. त्या पाण्यात, काचेच्या हौदात, लेकींना ठेवा आणि कमळ लावा. कमळ उमललं की शाप सुटेल. तोवर दर आठवड्याला ओंजळभर पाणी काढून त्यात फुलांचा रस टाका. निळा राहिला तर ठीक. तांबडा झाला तर पाणी नासलं समजा. थोडं काढून ताजं घाला."

राजाने नाग नमवला, राक्षस लोळवला. गावोगाव पोवाडे झाले. तिसऱ्या कामाचा पोवाडा कोण गाणार हो?

लेकी हौदात ठेवल्या, कमळ लावलं, दर आठवड्याला तपासणी सुरू झाली. रस दर वेळी निळाच राही. राजा कंटाळला. मग दसऱ्याची मिरवणूक आली, मग पाहुणे आले.

"महाराज, पाणी तपासा," साळुंकी म्हणाली.

"अगं, तळाचा खडा न् खडा दिसतोय! नासलेलं पाणी असं असतं होय?"

"डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर रस."

"उद्या बघू."

तो उद्या काही उजाडेना. एके सकाळी शेवंती पाण्यावर उलटी तरंगत होती. राजाने ओंजळभर पाणी काढून रस टाकला, तर तो कुंकवासारखा तांबडा! राजा ऊर बडवून रडला, साळुंकीच्या पाया पडला. पण वरातीमागून घोडं, त्याचा काय उपयोग!

हेमांगीसाठी त्याने लगेच थोडं पाणी काढून ताजं घातलं आणि पुढे एकही आठवडा चुकवला नाही. शेवटी कमळ उमललं आणि हेमांगी निथळत्या केसांनी हौदातून बाहेर आली. नगारे वाजले, दारोदारी तोरणं लागली.

राजाने हळूच विचारलं, "पोरी, शेवंतीला फार त्रास झाला का गं?"

"ती तोंड वर काढून तुम्हाला हाका मारत होती, आबा. माशाला आवाज कुठला? तुम्ही हसून दाणे टाकलेत."

शाप सरला, लेक गादीवर बसली, राज्याची घडी बसली. म्हाताऱ्या राजाला मात्र कुणी "आबा" म्हणून हाक मारली, की आधी रडू यायचं.